काका म्हणवणाऱ्या बाईची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा लोकांना हसवणे, राहणार घड्याळवाल्याच्या दुकानावरचा मजला, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवते. ‘अक्कलहुशारीने’ हा शब्द वकीलसाहेबांचा. माझ्याबाबतीत तो लेखी वापरणारे ते पहिलेच, म्हणून तसाच राहू दिला आहे.

शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला, थोडी वजाबाकी करायला लावली आणि मनाने एक वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं, ‘डॉक्टरांची फी परवडतेय तोवर मी ठणठणीत आहे.’ ते हसले आणि त्यांनी शिक्का मारला. वकीलसाहेब मात्र हसले नाहीत.

‘काका, मृत्युपत्रात विनोद चालत नाही. उद्या प्रकरण कोर्टात गेलं, तर प्रत्येक शब्दाचा अर्थ लागला पाहिजे.’

‘साहेब, विनोदातही प्रत्येक शब्दाचा अर्थ लागावाच लागतो. नाहीतर कोण हसणार?’

शेवटी तोडगा निघाला. कोणाला काय द्यायचं ते त्यांच्या भाषेत लिहायचं आणि का द्यायचं ते माझ्या.

सगळं शहर मला ‘काका’ म्हणतं. उद्या एखाद्या नव्या कारकुनाचा गोंधळ उडू नये म्हणून स्पष्ट करते की मी बाई आहे. एका मुलीची आई, एका भावाची थोरली बहीण, आणि एका अबोल माणसाची बायको होते. तो माणूस आता नाही. काका कशी झाले ते दुसऱ्या कलमात येईल.

यापूर्वीचं माझं कोणतंही मृत्युपत्र रद्द समजावं. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी एक घाईघाईत केलं होतं. भीतीच्या भरात त्यात मी सगळ्यांना सगळं माफ करून टाकलं होतं. ते विशेषकरून रद्द समजावं.

कलम १. माझ्या वडिलांचा वस्तरा, धार लावायचा चामडी पट्टा आणि माझ्या लिहिण्याच्या खोलीतली दुकानाची जुनी फिरती खुर्ची माझ्या धाकट्या भावाला द्यावी.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, आणि भिंतीला टेकून एक बाक. बाकावर बसणाऱ्या निम्म्या लोकांचे केस वाढलेले नसायचे. ते गोष्टी ऐकायला यायचे. गिऱ्हाईक मान मागे टाकून बसलेलं, गळ्यावर वस्तरा, आणि बाबांची गोष्ट ऐन रंगात आलेली. पण शेवटचं वाक्य ते कधी घाईने बोलायचे नाहीत. वस्तरा उचलायचे, फेस झटकायचे, पातं रुमालाला पुसायचे, आणि मग बोलायचे. बाक हसून हसून हलायचा. मी कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत असायचे.

एकदा मी विचारलं, ‘बाबा, शेवटी एवढं थांबता कशाला?’

‘वस्तरा गळ्यावर असताना माणूस हसला, तर जन्मभर आपल्याला रडावं लागेल.’

पुढे माझ्या थांबण्यावर जाणकारांनी लेख लिहिले. कोणाला त्यात तत्त्वज्ञान दिसलं, कोणाला परदेशी वळण. प्रत्यक्षात त्यात गिऱ्हाइकाचा गळा होता, बाकी काही नव्हतं.

भाऊ आजही ते दुकान चालवतो. दिवे गेले असताना त्याच्या हातून एका नवरदेवाची अर्धी मिशी उडाली, हा किस्सा मी रंगमंचावर वर्षानुवर्षं सांगितला. ‘ताई, गिऱ्हाईक आता खुर्चीत बसायच्या आधी दिव्याकडे बघतं,’ अशी त्याची तक्रार आहे. सबब, माझ्या पश्चात सदर मिशीचा किस्सा सांगण्याचा हक्क फक्त त्याचा. दुसरी बाजूही त्यानेच उडवावी.

कलम २. माझ्या यजमानांनी जपून ठेवलेल्या माझ्या कार्यक्रमांच्या सगळ्या टेपा सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात. अट एकच. ऐकायला येणाऱ्याला ‘हळू हसा’ असं कोणी म्हणायचं नाही.

शाळा संपल्यावर मी नभोवाणी केंद्रात निवेदिकेच्या जागेसाठी अर्ज केला. काचेपलीकडे परीक्षक बसले होते. माझं वाचून झाल्यावर त्यातले एक गृहस्थ म्हणाले, ‘बाई, हा आवाज दाराच्या बिजागरीला शोभेल. थोडं तेल घाला.’ मीसुद्धा हसले, कारण वाक्य चांगलं होतं. घरी येऊन रडले, कारण ते माझ्याबद्दल होतं.

त्याच इमारतीत टंकलेखिका हवी होती. टंकलेखनाला आवाज लागत नाही, म्हणून ती नोकरी मिळाली. एके दिवशी उपाहारगृहातल्या माणसाने मला गार चहा आणून दिला आणि मी त्याला कॉरिडॉरमध्ये उभा-आडवा घेतला. तेवढ्यात नाटक विभागाच्या प्रमुख बाई दार उघडून बाहेर आल्या.

‘कोण माणूस ओरडतोय इथे?’

‘मी.’

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. ‘पुन्हा ओरड बघू.’

त्यांची ‘चहा निवतोय’ नावाची सकाळची मालिका सुरू व्हायची होती. एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर बसलेला म्हातारा पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतो, ‘कोणाकडे जायचंय?’ असं विचारतो आणि मग त्याचीच फिरकी घेतो, एवढीच कल्पना. पहारेकरी होणारा नट ऐनवेळी सिनेमात पळाला होता. मला म्हणाल्या, दुसरा मिळेपर्यंत बस. दुसरा शोधायची वेळ कधी आलीच नाही.

श्रेयनामावलीत नुसतं ‘पहारेकरी काका’ असायचं. बाई म्हणायच्या, ‘लोकांना कळलं तर त्यांचा विश्वास उडेल.’ काकांना पोत्यांनी पत्रं यायची. कोणी नोकरीबद्दल सल्ला मागायचं, कोणी सुनेची तक्रार करायचं. एका सद्‍गृहस्थांनी आपल्या थोरल्या बहिणीसाठी स्थळ म्हणून काकांची रीतसर चौकशी केली. ‘पगार बेताचा असला तरी चालेल, स्वभाव ऐकून आहोत,’ असं त्यांनी लिहिलं होतं. नकार मीच टंकलिखित करून पाठवला. तेवढं वाईट मला पुढे कोणताच नकार देताना वाटलं नाही.

खरं माहीत असलेल्या चार लोकांत एक ध्वनिमुद्रक होता. उंच, गळ्यात हेडफोन, दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर पुष्कळ. एकदा रेकॉर्डिंग संपल्यावर तो काचेमागून बाहेर आला आणि म्हणाला, ‘तुम्ही बोलायला लागलात की माझ्या यंत्राची सुई लालमध्ये जाते. ती खाली आणणं माझं काम आहे. पण आणावीशी वाटत नाही.’ तो त्याचा महिन्याचा कोटा असावा. आम्ही लग्न केलं. सासूबाईंना मी पसंत नव्हते, पण काका फार पसंत होते. काका रोज घरी जेवायला असणार म्हटल्यावर त्यांनी मला सुद्धा चालवून घेतलं.

केंद्राच्या वाढदिवसाला रंगमंदिरात जाहीर कार्यक्रम ठरला आणि श्रोत्यांना पहिल्यांदा काका दाखवायचे ठरले. पुढच्या रांगेत शहरातले खरे पहारेकरी येऊन बसले होते. काकांना भेट म्हणून त्यांनी पितळी मुठीची काठी आणली होती. पडदा सरकला आणि पर्स सावरत मी आले, तिशीतली बाई. कुजबुज सुरू झाली. ‘काकांची मुलगी असेल,’ असं कोणीतरी म्हणालं. ‘आजारी पडले वाटतं,’ दुसरं कोणीतरी. मी गप्प उभी राहिले. मनातल्या मनात वस्तरा उचलला, फेस झटकला, पातं पुसलं.

‘कोणाकडे जायचंय?’

आधी काहीच झालं नाही. मग वरच्या सज्जात एकजण हसला आणि ते हसू पायऱ्या उतरत खाली आलं. संपूर्ण रंगमंदिर उभं राहिलं होतं. सगळ्यात वयस्क पहारेकरी काठी घेऊन वर चढले. माझ्याकडे बघत घटकाभर अडखळले, आणि म्हणाले, ‘घ्या काका. फाटक तुमचंच आहे.’

त्या दिवसाची टेप वाचनालयाने सगळ्यात आधी लावावी. त्यात एका ठिकाणी आवाज फाटलेला आहे. यंत्र बिघडलेलं नाही. सुई लालमध्ये आहे, आणि ती त्या माणसाने मुद्दाम तशीच ठेवली आहे.

कलम ३. माझा स्वयंपाकघरातला रेडिओ केंद्राच्या माजी संचालकसाहेबांना द्यावा. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं. आवाज मोठा करून द्यावा.

महापौरांनी गाजावाजा करून नव्या नळयोजनेचं उद्घाटन केलं. फीत कापली, तोटी फिरवली, नळ खाकरला आणि गप्प झाला. दुसऱ्या दिवशी ‘चहा निवतोय’मध्ये काका म्हणाले, ‘नळातून पाणी आलं नाही. भाषण मात्र दोन तास अखंड आलं. तेच भरून ठेवलंय.’ दुपारी संचालकसाहेबांनी मला बोलावलं.

‘उद्या जाहीर माफी मागायची. मजकूर मी लिहिलाय. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.’

‘नाही करणार.’

‘शब्द द्या.’

‘दिला.’

दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर काकांच्या आवाजात वाचला. एक शब्द बदलला नाही. ‘नळाला पाणी आले नाही हे विधान चुकीचे होते.’ इथे थांबले. ‘नळाला पाणी येणार आहे.’ पुन्हा थांबले. ‘ते कधी, हे यथावकाश कळवण्यात येईल.’ पुढे साहेबांनी लिहिलं होतं, ‘माननीय महापौरांच्या कार्याविषयी आम्हाला आदर आहे.’ ते वाचून मी वस्तरा पुसला, पुन्हा धार लावली, आणि मग मजकुरातला शेवटचा शब्द म्हटला, ‘धन्यवाद.’ नंतर कळलं की हॉटेलांत, दुकानांत लोक कपबश्या खाली ठेवून हसत होते. संध्याकाळी मला काढून टाकलं. कारण काय लिहावं हे त्यांना सुचेना, कारण मजकूर त्यांचाच होता. शेवटी ‘विरामांचा गैरवापर’ असं लिहिलं. तो कागद मी चौकट करून दिवाणखान्यात लावला आहे. तो मुलीने घ्यावा.

यजमान राजीनामा द्यायला निघाले होते. मी म्हटलं, ‘तुम्ही राहा. घरात एक माणूस हसवणारा आणि एक पगार आणणारा हवा.’

माझा धाकटा भाऊ म्हणाला, ‘ताई, दुकान आहे की. बाक रिकामा नाही, पण उभं राहायला जागा आहे.’ मी आरशाला पाठ करून उभी राहिले आणि पहारेकरी काका सुरू केले. पहिल्या शनिवारी केस कापायला आलेले लोक होते. पुढच्या शनिवारी आदल्या दिवशीच केस कापून गेलेले लोक होते. मग रस्त्यावर बायका थांबायला लागल्या. त्यांना आत येता येत नाही म्हणून मी बाहेर पायरीवर आले. रस्ता तुंबला, पोलीस आला, काठीला टेकून तोही ऐकत राहिला. रंगमंदिराचे मालक आपल्या नाटकाची गर्दी कुठे जाते हे बघायला आले आणि माझी तारीख ठरवून गेले. त्यानंतर गावोगाव, तालुक्यातालुक्यांत, मिळेल त्या सभागृहात मी उभी राहिले. दिवसा त्या जुन्या फिरत्या खुर्चीत बसून ‘गळ्याशी वस्तरा’ हे पहिलं पुस्तक लिहिलं. नभोवाणीचं दार बंद झालं म्हणून मी लेखिका झाले. दार बंद करणाऱ्याचे आभार मानायची पद्धत नाही, पण आवृत्त्या मोजताना अधूनमधून त्यांची आठवण यायची.

वर्षं गेली. महापौर बदलले, संचालक बदलले. नव्या संचालक बाई आमचा जिना चढून आल्या, धापा टाकत म्हणाल्या, ‘काका, परत या.’ मी म्हटलं, ‘येते. पण पहिल्या दिवशी तीच माफी पुन्हा वाचणार.’ त्या म्हणाल्या, ‘त्यासाठीच आलेय.’ तोपर्यंत शहरात पाणी आलेलं नव्हतं, त्यामुळे मजकुरात दुरुस्तीही लागली नाही.

जुने संचालकसाहेब मला नंतर डोळ्यांच्या दवाखान्यात भेटले. शेजारी बसलो. ते म्हणाले, ‘तुमची ती माफी ऐकताना मी केबिनचं दार लावून हसलो होतो. इतका, की खुर्चीवरून घसरलो.’

‘आणि मग?’

‘मग उठलो आणि तुमच्या पत्रावर सही केली.’

काढलं म्हणून माझा राग नव्हता. हसून काढलं म्हणून आहे. तो मी सोडलेला नाही, हे येथे नमूद करते. पण खुर्चीवरून घसरलेला माणूस ही माझी कमाई आहे, आणि कमाई कोणी नाकारत नाही. म्हणून रेडिओ.

कलम ४. बँकेतली माझी शिल्लक रंगमंदिराच्या मागच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छतागृह बांधण्यासाठी द्यावी.

या रंगमंचावर मी उभी हयात काढली. त्यामागे पुरुषांसाठी सोय होती, बायकांसाठी नव्हती. मध्यंतरात गल्ली ओलांडून मालकांच्या घरी जावं लागायचं, आणि तिथे त्यांच्या आई चहा घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्या चहामुळे दुसऱ्या अंकात काय हाल व्हायचे ते मी लिहीत नाही. मालक दरवर्षी म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी नक्की.’ आता नक्की. दारावर मोठ्या अक्षरांत माझं नाव घालावं. पुतळ्यापेक्षा लोक तिथे जास्त वेळा येतील, आणि जास्त समाधानाने परततील.

कलम ५. ‘पहारेकरी काका’ हे पात्र, त्याचा आवाज, त्याची सगळी वाक्यं आणि माझा जुना मायक्रोफोन पोपटला द्यावा.

वकीलसाहेबांनी हे कलम मला दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘नक्की?’ कारण पोपटविरुद्धच्या तक्रारीही त्यांनीच लिहिल्या होत्या.

पोपट म्हणजे नकलाकार. मला नभोवाणीवरून काढलं, त्यानंतर वर्षभरातच हा पठ्ठ्या ‘काका’ म्हणून कार्यक्रम करायला लागला. माझा आवाज, माझी वाक्यं, माझं थांबणंसुद्धा. मी नाट्यसंघाकडे तक्रार केली, वर्तमानपत्रातल्या सदरात त्याला चोर म्हटलं. शेवटी तिकीट काढून त्याच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्याने मला पाहिलं आणि ऐन शेवटच्या वाक्याला त्याची बोबडी वळली. प्रेक्षक वाट बघत होते. मी बसल्या जागेवरून ते वाक्य पूर्ण केलं, पोपट काकांची नक्कल करतो त्या आवाजात. लोकांनी खुर्च्या बडवल्या. त्याने हात जोडले आणि पुढचा कार्यक्रम रद्द केला. मी जिंकले होते. मजा आली होती, खोटं कशाला सांगू.

पुढे माझ्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. श्वासाएवढी कुजबुज उरली. यजमान त्याआधीच गेले होते. टेपा घरात होत्या, पण त्या लावायचा धीर होत नव्हता. टेपेतली बाई तिचं तिचं बोलते, मी विचारलेल्याचं उत्तर देत नाही.

एका दुपारी पोपट आला. केस पांढरे झालेले, खुर्चीच्या कडेवर बसला. मी पाटीवर लिहिलं, ‘चोरा, नीट बस.’ तो नीट बसला. मी पुन्हा लिहिलं, ‘बोल.’

‘काय बोलू, काका?’

मी लिहिलं, ‘माझं.’

त्याने डोळे मिटले. वस्तरा उचलला, पातं पुसलं. आणि म्हणाला, ‘कोणाकडे जायचंय?’

माझी मुलगी स्वयंपाकघरातून हातातल्या डावासकट धावत आली. तिला वाटलं, मी बोलले. दारात थबकली. ती सहसा रडत नाही, तेव्हाही रडली नाही. पण डाव खाली ठेवायचं विसरून ती समोर बसली आणि म्हणाली, ‘परत म्हणा.’ संध्याकाळपर्यंत तो म्हणत होता. मी पाटीवर नवीन वाक्यं लिहीत होते आणि ती माझ्याच आवाजात मला ऐकू येत होती, ताजी, त्या क्षणाची. एके ठिकाणी तो जरा लवकर बोलला. मी पाटी आपटली. ‘थांबायचं, थांबायचं’ म्हणत त्याने ते वाक्य पुन्हा घेतलं.

मी ज्याला चोर म्हणत होते, त्याने माझी वस्तू माझ्यापेक्षा जपून ठेवली होती. तेव्हा आता ती कायदेशीरपणे त्याची. चोरीची मजा गेली म्हणून त्याने कुरकुर करू नये.

कलम ६. हे राहतं घर, चारही पुस्तकांचे हक्क, पितळी मुठीची काठी आणि वर न सांगितलेलं बाकी सगळं स्थावर-जंगम माझ्या मुलीला द्यावं.

मुलगी दातांची डॉक्टर आहे. लहानपणापासून तिला विनोद सांगितला की ती विचारायची, ‘मग त्या माणसाने छत्री का नाही घेतली?’ माझे यजमान म्हणायचे, ‘आपल्या घरात एक तरी माणूस शुद्धीवर असू दे.’ लोक माझ्यापुढे तोंड उघडायचे ते हसायला, तिच्यापुढे उघडतात ते कळवळायला. आम्हा दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, पण धंद्याबाबत आम्ही बोलत नसू.

ऑपरेशननंतर मी चौथं पुस्तक लिहिलं. प्रकाशन समारंभात त्यातला एक लेख वाचायचा होता. प्रकाशकांनी नावाजलेला नट सुचवला. मी पाटीवर मुलीचं नाव लिहिलं.

‘आई, मला विनोद कळत नाहीत,’ ती म्हणाली.

मी लिहिलं, ‘म्हणूनच.’

ती व्यासपीठावर आली, चष्मा लावला आणि औषधाची चिठ्ठी वाचावी तसा लेख वाचायला लागली. आवाजात चढ नाही, उतार नाही, चेहऱ्यावरची माशी हलली नाही. दुसऱ्या परिच्छेदाला लोक हसायला लागले. तिने कागदावरून मान वर केली आणि कडक आवाजात म्हणाली, ‘कृपया शांतता राखा. मला अजून बरंच वाचायचं आहे.’ झालं. मागच्या रांगेत एक गृहस्थ हसून अक्षरशः जमिनीवर बसले. ती थांबायची, लोक शांत व्हायची वाट बघायची, ते शांत झाले की पुढचं वाक्य वाचायची आणि ते पुन्हा कोसळायचे. कोणी न शिकवता ती नेमकी तिथेच थांबत होती. मी विंगेत उभी होते. इतकी वर्षं मी प्रेक्षकांकडे तोंड करून हसू घेतलं. ते बाजूने कसं दिसतं, हे त्या दिवशी पाहिलं. फार सुंदर दिसतं.

घरी जाताना गाडीत ती म्हणाली, ‘एवढे सगळे लोक तोंड उघडून बसले होते, आणि कोणालाच दुखत नव्हतं.’

माझ्या धंद्यावर इतकं चांगलं कोणी बोललेलं नाही. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत हे वाक्य तिच्या नावानिशी छापावं.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. मी गेल्यावर कोणी माझ्याबद्दल ‘हसता हसता अंतर्मुख करणारी’ असं लिहिल्यास त्याला कायदेशीर नोटीस पाठवावी. मी लोकांना हसता हसता हसवलं. अंतर्मुख ते आपापल्या घरी जाऊन झाले असतील.

अंमलबजावणीची घाई मात्र करू नये. येत्या शनिवारी रंगमंदिरात माझा प्रयोग आहे. उरलेली कुजबुज मायक्रोफोनला अगदी ओठ लावून ऐकवते. पूर्वी हजार माणसांना गप्प करायला मला ओरडावं लागायचं. आता ती आपणहून श्वास धरून बसतात, आणि हसू येतं तेव्हा पूर्वीपेक्षा मोठं येतं. तिकीटखिडकीवर ‘सर्व जागा भरल्या’ची पाटी सोमवारीच लागली. संहिता टेबलावर आहे. त्याआधी माझं काही बरंवाईट झालंच, तर प्रयोग रद्द न करता मुलीने तो वाचावा, असं मी या कलमात लिहिणार होते. काल रात्रीच्या जेवणात तिला तसं पाटीवर लिहून विचारलं.

तिने डायरी उघडून पाहिली आणि म्हणाली, ‘शनिवारी मला संध्याकाळपर्यंत पेशंट आहेत. जमणार नाही. तू मरू नकोस.’

सबब, सदर प्रयोग मी स्वतः करणार आहे.

येणेप्रमाणे वाचून, समजून, दोनदा हसून सही केली.

सही: काका

साक्षीदार पहिले: खालच्या दुकानातले घड्याळवाले. (सही करताना म्हणाले, ‘काका, घाई नाही ना?’)

साक्षीदार दुसरे: दाखला देणारे डॉक्टर.

स्थळ: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: प्रयोगाच्या आधीचा बुधवार, सकाळी, चहा गरम असताना.